काय पुसावे आणि काय राखावे : संगणकातील साधित फाइलींचा विचार

साहित्याच्या अध्यापिकेने संगणकाच्या आज्ञांवर लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपले शब्दसंग्रह, विशेषांक, प्रबंध आणि हस्तलिखितांच्या सूच्या आता संगणकावरच सिद्ध होतात. काम चालू असताना एका मूळ फाइलीभोवती दहा-बारा फाइली जमा होतात आणि केव्हातरी कोणीतरी त्या साफ करतो. त्या वेळी चूक झाली तर नुसती फाइल जात नाही, कोणाचे तरी श्रम जातात. माझ्या हातून अशी एक चूक झाली आहे आणि ती पुढे सांगणार आहे. त्या चुकीनंतर मी आज्ञावली रचणाऱ्यांचे या विषयावरचे नियम वाचले, तेव्हा पाठचिकित्सेच्या तासाला आपण जे शिकवतो त्याच्याशी त्यांचे जवळचे नाते आहे असे दिसले. त्या नियमांची ओळख करून देणे आणि भाषेचे काम करणाऱ्यांना त्यांतून काय घेता येईल ते पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. सिद्ध आणि साधित

मराठी व्याकरणात आपण शब्दांचे सिद्ध आणि साधित असे दोन वर्ग करतो. ‘कर’ हा सिद्ध धातू आणि त्याला प्रत्यय लागून झालेला ‘करणी’ हा साधित शब्द. संगणकातील फाइलींनाही हीच नावे देणे सोयीचे आहे. जी फाइल माणसाने लिहिली ती सिद्ध. तिच्यावर एखाद्या आज्ञावलीने प्रक्रिया करून जी घडवली ती साधित.

आज्ञावलीकार ‘सी’सारख्या भाषेत मजकूर लिहितो. संकलक त्यावरून यंत्राला कळणाऱ्या वस्तुफाइली करतो आणि त्या जोडून शेवटी चालणारी आज्ञावली तयार होते. यांत पहिली फाइल सिद्ध, बाकीच्या साधित. आपल्या कामात ‘लाटेक’ या जुळणीच्या साधनाने ग्रंथ तयार केला तर हेच घडते. लेखकाची ‘टेक’ फाइल सिद्ध असते. अनुक्रमणिकेची ‘टीओसी’, संदर्भक्रमांकांची ‘ऑक्स’, शब्दसूचीच्या ‘आयडीएक्स’ आणि ‘आयएनडी’, प्रक्रियेचा वृत्तान्त ठेवणारी ‘लॉग’ आणि छपाईला जाणारी ‘पीडीएफ’ या साऱ्या साधित.

साफसफाईचा पहिला नियम यातून निघतो : साधित ते पुसावे, सिद्ध ते राखावे. कोशकारही असेच करतो. कोशात ‘घर’ असते. ‘घरात’, ‘घराला’, ‘घराहून’ ही रूपे नसतात, कारण नियमाने ती केव्हाही घडवता येतात. पण नवशिक्यासाठी कोश करायचा असेल तर ‘जा’ या धातूबरोबर ‘गेला’ हे रूप द्यावेच लागते, कारण त्याला ते नियमाने घडवता येणार नाही. म्हणजे रूप मुळापासून निघालेले आहे एवढ्याने ते गाळण्याचा अधिकार मिळत नाही. ज्याच्या हाती कोश पडणार आहे त्याला ते घडवता आले पाहिजे. या लेखातील मुख्य मुद्दा हाच आहे.

२. पुसायचे कशासाठी?

संगणकात जागा पुष्कळ आहे, मग साधित फाइली राहिल्या तर बिघडले काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर ‘मेक’ या साधनाच्या जन्मकथेत आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ते तयार केले. त्यांच्या एका सहकाऱ्याची सारी सकाळ एका निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात वाया गेली होती. दोष त्याने आधीच दुरुस्त केला होता, पण दुरुस्त फाइलीवरून वस्तुफाइल नव्याने घडवायची राहून गेली होती. यंत्र जुनीच वस्तुफाइल चालवत होते. अशाच प्रकारात स्वतः फेल्डमन यांचाही आदल्या संध्याकाळचा काही वेळ गेला होता.

‘मेक’ने यावर साधा उपाय काढला. प्रत्येक साधित फाइलीसाठी तीन गोष्टी लिहून ठेवायच्या : काय घडवायचे, कशापासून घडवायचे आणि कोणत्या कृतीने घडवायचे. मूळ फाइलीच्या बदलाची वेळ साधित फाइलीहून नंतरची असेल तर ‘मेक’ ती कृती पुन्हा करते, नसेल तर हात लावत नाही. ही नोंद ज्या फाइलीत असते तिला ‘मेकफाइल’ म्हणतात.

पण वेळेची तुलना नेहमी पुरत नाही. संकलकाला द्यायच्या सूचना बदलल्या आणि मूळ मजकूर तोच राहिला, तर ‘मेक’ला बदल झाल्याचे कळत नाही. दोन संगणकांची घड्याळे जुळत नसतील तरी घोटाळा होतो. ‘लाटेक’मध्ये जुळणी अर्ध्यावर थांबली तर ‘ऑक्स’ फाइल अर्धवट राहते. पुढच्या वेळी तीच वाचली जात असल्यामुळे मूळ मजकूर निर्दोष असूनही चूक दिसत राहते. ती फाइल पुसली की काम सुरळीत होते. थोडक्यात, शिळी साधित फाइल दिशाभूल करते, म्हणून ती पुसायची. जागा वाचते हा दुय्यम लाभ.

यासाठी मेकफाइलीत ‘क्लीन’ नावाचे एक लक्ष्य लिहिण्याची प्रथा आहे. ‘मेक क्लीन’ अशी आज्ञा दिली की ठरवलेल्या फाइली पुसल्या जातात. या लक्ष्यातून ‘क्लीन’ नावाची फाइल तयार होत नाही. उलट त्या नावाची एखादी फाइल चुकून तिथे असेल, तर ‘मेक’ला वाटते की लक्ष्य आधीच तयार आहे, आणि ते काहीच करत नाही. म्हणून ‘क्लीन’ हे केवळ नावाचे लक्ष्य आहे असे ‘फोनी’ या घोषणेने सांगून ठेवतात.

३. चार पायऱ्या

आता मुख्य प्रश्न : ‘क्लीन’ने नेमके काय पुसावे? ग्नू प्रकल्पाच्या लेखनसंकेतांत याचे एकच उत्तर दिलेले नाही. तिथे चार वेगवेगळी लक्ष्ये सांगितली आहेत : ‘मोस्टलीक्लीन’, ‘क्लीन’, ‘डिस्टक्लीन’ आणि ‘मेंटेनर-क्लीन’. कोणती फाइल कोणत्या पायरीला पुसायची याचा एक सुटसुटीत नियम फ्राँस्वा पिनार यांनी प्रथम मांडला. तो ‘ऑटोमेक’ या साधनाच्या पुस्तिकेत दिलेला आहे. माझ्या शब्दांत तो असा :

पहिली पायरी : जे ‘मेक’ने घडवले आणि जे माणसाला वारंवार नव्याने घडवावेसे वाटते, ते ‘मोस्टलीक्लीन’ने पुसावे. नेहमीच्या वस्तुफाइली यात येतात.

दुसरी पायरी : ‘मेक’नेच घडवलेले पण वरच्या वर्गात न बसणारे बाकीचे सारे ‘क्लीन’ने पुसावे.

तिसरी पायरी : आज्ञावली बसवण्यापूर्वी ‘कॉन्फिगर’ नावाची फाइल चालवून त्या त्या संगणकाची तपासणी होते आणि तीनुसार काही फाइली तयार होतात. त्या ‘डिस्टक्लीन’ने पुसाव्यात. हे झाल्यावर वितरणाच्या गठ्ठ्यात जेवढे आले होते तेवढेच उरले पाहिजे.

चौथी पायरी : आज्ञावलीची देखभाल करणाऱ्याने स्वतःकडील खास साधनांनी घडवून गठ्ठ्यात घातलेल्या फाइली ‘मेंटेनर-क्लीन’ने पुसाव्यात.

वरवर पाहता ही साफसफाईची चढती भाजणी आहे. थोडे खोलात गेले तर प्रत्येक पायरी वेगळ्या माणसासाठी आहे असे दिसते. पहिल्या दोन रोज काम करणाऱ्यासाठी आहेत, तिसरी गठ्ठा बांधून दुसऱ्याला देणाऱ्यासाठी, चौथी फक्त देखभाल करणाऱ्यासाठी. फाइल तीच, पण ती पुसावी की राखावी हे कोण विचारतो आहे यावर ठरते.

पहिल्या पायरीमागचा विचार श्रमाचा आहे. ग्नूच्या संकेतांत याचे उदाहरण ‘जीसीसी’ या संकलकाचे दिले आहे. त्याच्या एका ग्रंथालय-फाइलीला ‘मोस्टलीक्लीन’ हात लावत नाही. ती साधितच आहे, पण पुन्हा घडवण्याची गरज क्वचित पडते आणि घडवायला वेळ फार लागतो. घडवता येते म्हणून पुसलेच पाहिजे असे नाही, हा विवेक इथे आहे.

चौथ्या पायरीमागचा विचार साधनांचा आहे. काही ‘सी’ फाइली माणूस लिहीत नाही. व्याकरणाच्या नियमांवरून ‘बायसन’ नावाचे साधन त्या घडवते. त्या निःसंशय साधित आहेत, तरीही वितरणाच्या गठ्ठ्यात घालतात, कारण घेणाऱ्याकडे ‘बायसन’ असेलच असे नाही. देखभाल करणाऱ्याच्या दृष्टीने जे साधित, ते घेणाऱ्याच्या दृष्टीने सिद्धच असते. म्हणून ‘मेंटेनर-क्लीन’ चालवताना, ही आज्ञा देखभाल करणाऱ्यांसाठी आहे आणि पुसलेल्या फाइली घडवायला खास साधने लागतील, असा इशारा पडद्यावर दाखवावा असे संकेत सांगतो.

या पायरीलाही एक मर्यादा घातली आहे. ‘कॉन्फिगर’ ही फाइलसुद्धा साधित असू शकते. तिच्या घडणीची कृती मेकफाइलीत लिहिलेली असली तरी ती पुसायची नाही. मेकफाइल स्वतः ‘कॉन्फिगर’मधून तयार होते. ‘कॉन्फिगर’ पुसली तर मेकफाइल तयार होणार नाही, आणि मेकफाइल नसेल तर ‘कॉन्फिगर’ घडवण्याची कृती चालवणार कोण? आपल्या स्वयंपाकघरात दह्याचे असेच असते. दही दुधापासून होते म्हणून सारे दही संपवून भांडे घासून टाकले, तर उद्याच्या दुधाला विरजण कुठून आणायचे? विरजण हे कालच्या दह्यातूनच आलेले असते, तरी ते बाजूला काढून ठेवावे लागते.

४. माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी सीमाभागातील बोलीचा एक छोटा शब्दसंग्रह तयार करत होते. जुळणी ‘झीलाटेक’ने केली होती. शेवटी शब्दसूची द्यायची होती. मजकुरात जागोजागी सूचीच्या खुणा घालायच्या. त्यांवरून ‘आयडीएक्स’ फाइल होते, तिच्यावर ‘मेकइंडेक्स’ हे साधन चालवले की वर्णक्रमाने लावलेली ‘आयएनडी’ फाइल मिळते आणि ती ग्रंथाच्या शेवटी जुळते.

अडचण वर्णक्रमाची आली. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’चे स्थान ‘ल’ आणि ‘व’ यांच्या दरम्यान आहे. ‘क्ष’ला स्वतंत्र स्थान नाही, तो ‘क’ आणि ‘ष’ यांच्या जोडणीतून लिहिला जातो आणि म्हणून ‘क’खाली लागतो. ‘ज्ञ’ही तसाच ‘ज’खाली जातो. आम्हांला शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर ‘ळ, क्ष, ज्ञ’ असा क्रम हवा होता. आमच्या कामात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक मदत करत होते, त्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणत असू. ते म्हणाले, “बाई, यंत्राला जमत नसंल तर द्या इकडं, मी हातानं लावतो.” मी ‘मेकइंडेक्स’ची पायरी बंद केली आणि ‘आयएनडी’ फाइल त्यांच्या स्वाधीन केली.

गुरुजींनी संध्याकाळी येऊन, पडद्याजवळ चष्मा नेऊन, ती सूची लावली. क्रम लावता लावता त्यांनी आणखीही काम केले. एकाच शब्दाची दोन उच्चारांमुळे झालेली दोन लेखने एकत्र आणली. कुठे ‘पाहा’ असे लिहून एका गावचा शब्द दुसऱ्या गावच्या शब्दाशी जोडला. हे ज्ञान ना मूळ मजकुरात होते ना आमच्या टिपणांत. ते गुरुजींच्या डोक्यात होते आणि तिथून थेट ‘आयएनडी’ फाइलीत उतरत होते.

छपाईला देण्याच्या आदल्या दिवशी मी मेकफाइलीत ‘क्लीन’ लिहिले. ‘आयएनडी’ ही साधित फाइल असते हे मी नुकतेच शिकले होते, म्हणून पुसायच्या यादीत तिलाही घातले आणि आज्ञा दिली. पुन्हा जुळणी केली तेव्हा सूचीची पाने कोरी निघाली. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

गुरुजींना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा बसले. छपाई पुढे ढकलली. क्रम त्यांनी पुन्हा लावला. मात्र ‘पाहा’च्या साऱ्या नोंदी त्यांना आठवल्या नाहीत. “त्या वेळी शब्द डोळ्यापुढं आला, तसं सुचत गेलं,” एवढेच ते म्हणाले. छापलेल्या संग्रहात त्यांतल्या काही नोंदी नाहीत. कोणत्या नाहीत, हे आता सांगता येत नाही.

चूक कुठे झाली? ‘आयएनडी’ साधित असते हे खरे. पण गुरुजींनी तिच्यावर हात फिरवल्या क्षणी ती फाइल सिद्ध झाली होती. तिचे नाव तेच राहिले, पण तिची जात बदलली होती, आणि मी नाव पाहून निर्णय केला.

नंतर आम्ही योग्य मार्ग शिकलो. ‘मेकइंडेक्स’ला खुणेतच दोन भाग देता येतात : आधी क्रम लावण्यासाठी एक किल्ली आणि नंतर छापायचा शब्द. किल्लीत ‘ळ’च्या जागी ‘ह’च्या पुढे लागेल असे चिन्ह घातले की शब्द हव्या त्या जागी बसतो. ‘पाहा’च्या नोंदीही खुणेतच लिहिण्याची सोय आहे. म्हणजे गुरुजींचे ज्ञान मूळ मजकुरातच उतरवता आले असते. तसे केले असते तर ‘आयएनडी’ शंभर वेळा पुसली तरी चालले असते. साधित फाइलीत चूक दिसली तर दुरुस्ती मुळात करावी, हा यातून मिळालेला धडा. आणि तसे करणे शक्य नसेल, तर ती फाइल यापुढे सिद्ध झाली असे मानून तिला पुसण्याच्या यादीतून काढावे.

५. नाव पाहून निर्णय करू नये

साफसफाईची कृती दोन प्रकारे लिहिता येते. एकेका फाइलीचे नाव घालून यादी करता येते किंवा अमुक शेपटीच्या साऱ्या फाइली असा सरसकट नमुना देता येतो. नमुना लिहायला सोपा, पण त्यात ओल्याबरोबर सुकेही जळते. संकेतस्थळाची बहुतेक पाने आज्ञावलीने घडवलेली असतील आणि दोन पाने हाताने लिहिलेली असतील, तर साऱ्या ‘एचटीएमएल’ फाइली पुसण्याच्या नमुन्यात ती दोन्हीही जातात. यादीत हा धोका नाही. तिचा दोष उलटा आहे : नवे प्रकरण वाढले आणि यादीत घालायचे राहिले, तर त्याची शिळी फाइल मागे उरते. दोन्हींत चूक संभवते, पण दोन चुकांची किंमत सारखी नाही. उरलेली फाइल उद्या पुसता येते, पुसलेली उद्या आणता येत नाही.

एकाच फाइलीबद्दल जाणत्यांचेही एकमत नसते याचे उदाहरण ‘लाटेकएमके’ या साधनात आहे. संदर्भग्रंथांची यादी ‘बिबटेक’ हे साधन ‘बिब’ फाइलीवरून घडवते आणि ‘बीबीएल’ फाइलीत ठेवते. साफसफाईत ‘बीबीएल’ पुसावी का? ‘लाटेकएमके’ने याचा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवला आहे. ती मौल्यवान मानून कधीच पुसू नये, मूळ ‘बिब’ फाइल जागेवर असेल तरच पुसावी, किंवा नेहमी पुसावी, अशा तिन्ही सोयी ठेवल्या आहेत. मधली सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते. पुसण्यापूर्वी ती विचारते : हिचे मूळ अजून घरात आहे ना?

फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’ या साधनातही ‘क्लीन’ आज्ञा आहे. जपायच्या म्हणून गिटमध्ये ज्यांची नोंद केलेली नाही, अशा फाइली ती पुसते. ही आज्ञा नुसती दिली तर गिट मूळ मांडणीप्रमाणे ती पाळत नाही, ‘बळाने करा’ अशी जोड द्यावी लागते. प्रत्यक्ष न पुसता काय पुसले जाईल तेवढे दाखवण्याचीही सोय आहे. दुर्लक्ष करायच्या फाइलींची वेगळी यादी असते. ‘एक्स’ हे लहान लिपीतले अक्षर जोडले तर त्या दुर्लक्षित फाइली आणि नोंद नसलेल्या इतर फाइली दोन्ही जातात. तेच अक्षर मोठ्या लिपीत जोडले तर फक्त दुर्लक्षित फाइली जातात, हाताने लिहिलेल्या पण नोंद न केलेल्या राहतात. एका अक्षराच्या लहानमोठेपणावर एवढे अवलंबून आहे. शिवाय दुर्लक्षित म्हणजे साधितच असे नाही. आपली खासगी टिपणे इतरांना जाऊ नयेत म्हणून कोणी ती दुर्लक्ष-यादीत घालतो. ती कशापासूनही पुन्हा घडणार नसतात, पण या आज्ञेने जातात.

६. पाठचिकित्सेतील तोच प्रश्न

पाठचिकित्सा शिकवताना आपण हस्तलिखितांची वंशावळ मांडतो. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरलेली असते. पाउल मास यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात या शास्त्राचे नियम अत्यंत आटोपशीरपणे मांडले. त्यांतला एक असा : जी प्रत केवळ उपलब्ध असलेल्या दुसऱ्या प्रतीवरूनच उतरवली आहे, तिला मूळ पाठ ठरवताना साक्षीदार म्हणून किंमत नाही, ती बाजूला सारावी. ‘मेक क्लीन’ यापेक्षा वेगळे काही करत नाही. मूळ हाताशी आहे, नक्कल त्यावरून केव्हाही होईल, मग नक्कल राखायची कशाला?

या नियमावर १९३४ साली जॉर्जो पास्क्वाली या इटालियन विद्वानाने सावधगिरीचा इशारा दिला. प्रत अलीकडची आहे म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. उतरवणारा नुसता नकलाकार नसतो. त्याच्यासमोर आज हरवलेली दुसरी एखादी प्रत असू शकते. तिच्यातील पाठ तो समासात टिपून ठेवतो किंवा ओळीत घेतो. अशी प्रत वंशावळीत खाली असली तरी तिच्यात वरच्या कोणत्याही उपलब्ध प्रतीत नसलेले काही असते. ती बाजूला सारली की ते कायमचे गेले.

गुरुजींची ‘आयएनडी’ ही अशीच प्रत होती. वंशावळीत ती अगदी खाली, ‘आयडीएक्स’च्याही नंतर. पण तिच्या समासात, म्हणजे त्या ‘पाहा’च्या नोंदींत, दुसऱ्या एका स्रोतातून आलेले ज्ञान होते. मी मासचा नियम लावला आणि पास्क्वालीचा इशारा विसरले. दोघांनाही मी वर्गात शिकवत होते, ही गोष्ट मला अधिक लागली.

७. साधन गेले की साधिताचे सिद्ध होते

आपल्या संस्थांच्या कपाटांत आणि संगणकांत युनिकोडपूर्व काळातील मजकूर पुष्कळ आहे. त्या वेळच्या देवनागरी टंकांत अक्षरांची मांडणी प्रत्येक निर्मात्याची वेगळी होती. तो टंक आणि ती जुळणीची आज्ञावली हाताशी असेल तरच फाइल वाचता येते, एरवी पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. अशा अंकाची मूळ जुळणीची फाइल आणि तिच्यावरून केलेली पीडीएफ, या दोन्हींपैकी राखायचे काय?

नियमाने पीडीएफ साधित, म्हणून पुसण्याजोगी. पण चौथ्या पायरीचा विवेक इथे उपयोगी पडतो. घडवण्याची साधने ज्याच्याकडे नाहीत, त्याच्यासाठी साधित हेच मूळ. टंक पीडीएफच्या आत भरलेला असेल तर निदान मजकूर डोळ्यांनी वाचता येतो. उद्या मूळ फाइल उघडणारी आज्ञावली राहिली नाही, तर त्या अंकाची तीच एक साक्ष उरेल.

असा मजकूर रूपांतर-साधनाने युनिकोडमध्ये आणला की ती फाइल प्रथम साधित असते. रूपांतरात ऱ्हस्व-दीर्घ उलटतात, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, जोडाक्षरे फुटतात. मग कोणी मुद्रितशोधक बसून ती ओळीओळीने सुधारतो. त्यानंतर ती सिद्ध फाइल होते. “जुन्या फाइलीवरून पुन्हा रूपांतर करून घेऊ” असे म्हणून ती पुसणे म्हणजे मुद्रितशोधकाचे काम पुसणे. जुनी फाइलही या टप्प्यावर टाकू नये, कारण शंका आली तर ताडून पाहायला तीच लागते.

८. पाळावयाची शिस्त

वरील विवेचनातून माझ्यापुरते मी काही नियम केले आहेत. विद्यार्थ्यांनाही तेच सांगते.

पहिला, साधित फाइलींसाठी वेगळी फोल्डर ठेवावी आणि जुळणीच्या साधनाला सारे तिथेच घडवायला सांगावे. मग साफसफाई म्हणजे ती एक फोल्डर रिकामी करणे. आज्ञावलीकारही हल्ली हाच मार्ग पसंत करतात. त्या फोल्डरमधील फाइलीला कोणी हाताने दुरुस्ती करायची नाही, हे साऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

दुसरा, पुसण्यापूर्वी प्रत्येक फाइलीला तीन प्रश्न विचारावेत. ही कशापासून घडली आणि ते मूळ जागेवर आहे का? घडवण्याचे साधन माझ्याकडे, आणि माझ्यानंतर हे काम घेणाऱ्याकडे, आहे का? घडल्यानंतर हिच्यावर कोणाचा हात फिरला आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर आले तरच पुसावी.

तिसरा, परीक्षा घ्यावी. संपूर्ण कामाची प्रत दुसरीकडे करावी, त्या प्रतीत साफसफाईची आज्ञा चालवावी, मग सारे नव्याने घडवून आधीच्या ग्रंथाशी ताडून पाहावे. फरक निघाला तर कुठेतरी सिद्ध गोष्ट साधित समजली गेली आहे. ही परीक्षा छपाईच्या आदल्या दिवशी न घेता कामाच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी.

चौथा, निर्णय लिहून ठेवावा. कोणती फाइल का राखली याची एक ओळ मेकफाइलीत किंवा साध्या टिपणात असली, की पुढच्या माणसाला अंदाज बांधावा लागत नाही.

अभ्यासासाठी

१. आपल्या प्रबंधाच्या फोल्डरमधील सर्व फाइलींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे सिद्ध की साधित ते लिहा. साधित असेल तर तिचे मूळ आणि साधन नोंदवा.

२. जिच्यावर मागाहून हात फिरला आहे अशी एक साधित फाइल शोधा. ती दुरुस्ती मुळात नेता येईल का ते पाहा.

३. आपले काम दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याला सोपवायचे आहे असे समजा. त्याच्याकडे आपली साधने नाहीत. गठ्ठ्यात कोणत्या साधित फाइली घालाल आणि का?

४. एखाद्या छापील कोशात कोणती रूपे दिली आहेत आणि कोणती गाळली आहेत ते पाहून, तो कोश कोणत्या वाचकासाठी केला असावा याचा विचार करा.

आमच्या शब्दसंग्रहाची दुसरी आवृत्ती आता हाती घेतली आहे. गुरुजी अजून येतात. या वेळी त्यांनी सांगितलेली प्रत्येक ‘पाहा’ नोंद एक विद्यार्थिनी मूळ मजकुरातच घालते, आणि दर शनिवारी काम संपताना सारी साधित फोल्डर रिकामी करून सूची नव्याने घडवते. छापून काढलेली पाने गुरुजी मागच्या आठवड्याच्या पानांशी ताडून पाहतात.